एकदाच विचारलेली कॉफी

भिंतीवरचा म्हातारा डोळे पुसत होता आणि चर्चच्या तळघरात व्हर्ना टॉलेफसन स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत उभी होती. हातात कॉफीची मोठी किटली, तीही आता जड वाटायला लागलेली.

म्हातारा एके काळी वॉशिंग्टनला संरक्षण खात्यात मोठा अधिकारी होता. व्हिएतनामच्या लढाईतले बेत त्याच्या टेबलावर ठरायचे. आता त्याच्यावर माहितीपट निघाला होता आणि नव्या पास्टरबाई जोआन यांनी तो तळघराच्या भिंतीवर गावाला दाखवायला आणला होता. त्या वसंतातच आम्हाला कळलं होतं, ही लढाई जिंकता येणार नाही, म्हातारा सांगत होता. पण मी बोललो नाही. तशी रीत नव्हती.

 व्हर्नाचा मुलगा डेल सैन्यात गेला तो त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत. 'शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळतं,' हे तिनंच त्याला समजावलं होतं. शेजारच्या आर्डिस लोकेनचा मुलगा रॉल्फ मात्र भरतीचं बोलावणं आल्यावर गाडी काढून कॅनडाच्या हद्दीपलीकडे गेला. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला तिकडे पोहोचता येतं, इतकी हद्द जवळ. रॉल्फ तिकडे नळजोडणीची कामं करत म्हातारा होत चालला होता. डेल शवपेटीतून परत आला.

गावानं आर्डिसला वाळीत टाकलं, असं कुणी म्हणणार नाही. इथे तसं उघड काही करत नाहीत. इथे कॉफी विचारतात. पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'नको, कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा कप पुढे करायचा. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा एक तर हावरट, नाही तर परगावचा. डेलला पुरल्यावर काही रविवारांनी चर्चमध्ये कॉफीची पाळी व्हर्नाची होती. तिनं आर्डिसला विचारलं. आर्डिस रीतीप्रमाणे 'नको' म्हणाली आणि व्हर्ना किटली घेऊन पुढच्या खुर्चीकडे वळली. बोट दाखवावं असं काहीच घडलं नाही. पण बायकांनी पाहिलं, आणि त्या रविवारपासून आर्डिसला सगळेच एकदा विचारू लागले. ती येत राहिली, एकदा 'नको' म्हणत राहिली आणि घरी जाऊन आपली कॉफी आपण करून पीत राहिली.

माहितीपट संपला, दिवे लागले. ऑर्व्हिल हा गावचा धान्यकोठारवाला. गप्प बसणं त्याला कधी जमलं नाही. म्हणाला, "एवढं शहाणपण याला ऐन उमेदीत सुचलं असतं, तर आपली आजची दुपार वाचली असती." कुणी हसलं, कुणी नाही. पास्टरबाईंनी, कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं. सगळे लिंबाच्या वड्या खाण्यात गढून गेले.

व्हर्ना किटली घेऊन फिरत फिरत शेवटच्या रांगेशी आली.

"कॉफी, आर्डिस?"

"नको."

व्हर्नाचे पाय सवयीनं पुढे निघाले. तिनं ते आवरले.

"घे ना. आत्ताच केलीय."

आर्डिसनं मान वर केली. दुसऱ्यांदा काय म्हणायचं असतं, ते तिला जरा आठवावं लागलं असावं. "नको गं, राहू दे."

तळघरातली कुजबुज विरली.

"अर्धा कप तरी."

आर्डिसनं कप पुढे केला. व्हर्नानं ओतली. इथे थांबली असती तरी भागलं असतं; गावानं काय ते ओळखलं असतं. पण भिंतीवरच्या म्हाताऱ्यानंही असंच, झेपेल तेवढंच सांगून डोळे पुसले होते, आणि तिला त्याची किळस आली होती. आता तीच किळस तिला किटली धरलेल्या स्वतःच्या हाताची आली.

"रॉल्फ कॅनडाला निघाला त्या दिवशी त्याची गाडी आमच्या वळणावर थांबली होती," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हॉर्न वाजला. डेल उठला. मी म्हटलं, बस, अर्ध्या ताटावरून कुठे निघालास? आणि त्याला आणखी बटाटे वाढले. कोण त्याला सोबत न्यायला आलंय ते मला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं गं. देश-बिश काही नव्हता."

पास्टरबाई काहीतरी धीराचं बोलायला उठल्या. ऑर्व्हिलनं त्यांना हातानंच खाली बसवलं.

आर्डिस कपात बघत होती. "रॉल्फ अंगणापर्यंत चालत आला होता," ती म्हणाली. "खिडकीतून दिसलं त्याला. डेल उभा राहिलेला, आणि परत बसलेला."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस कधी? मी तुझ्याशी इतकी वर्षं अशी वागले."

"तुझा मुलगा गेला होता," आर्डिस म्हणाली. "त्यावर आणखी हे कुठे वाढू?"

 "मला लाज वाटते, आर्डिस," व्हर्ना म्हणाली. त्या गावात हे वाक्य मोठ्यानं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

'असू दे' असं आर्डिस म्हणाली नाही. तिनं एक घोट घेतला. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

व्हर्ना तशीच उभी. ऑर्व्हिल उठून आला, तिच्या हातातून किटली काढून घेतली आणि कधी हे काम न केलेल्या पुरुषासारखा थेंब सांडत पुढच्या रांगेला विचारत निघाला. व्हर्ना आर्डिसशेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसली. दोघीजणी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या.