लँचेस्टरच्या वाती

युसुफभाईंनी माझ्या बिनदुधाच्या सुलेमानी चहाच्या ग्लासात वात सोडली.

"अहो, प्यायचाय मला तो!"

"दुसरा मागवतो, म्याडम. पण तुमी बघा."

मी पाहिलं. वातीचं एक टोक चहात आणि दुसरं काठावरून बाहेर लोंबत होतं. पाच मिनिटं झाली तरी चहा काही वर चढला नाही. वात जेवढी बुडाली होती तेवढीच लाल झाली, बाकी पांढरी स्वच्छ.

"ही पाणी पीत नाय, ती पेट्रोल काय पिणार?" युसुफभाई म्हणाले. "नायलॉन मिसळलाय हिच्यात."

आखातातल्या अल ऐन शहरात एका अरबाबांच्या, म्हणजे अरब मालकांच्या, खासगी मोटार संग्रहालयात मी गाड्यांच्या पाट्या लिहिते. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, इतिहास तेवढा कळतो. युसुफभाई तिथले सर्वांत जुने मेकॅनिक. जयगडच्या खाडीकाठचे, वय एकसष्ट. त्यातली अडतीस वर्षं याच देशात, बहुतेक कुठल्या ना कुठल्या गाडीखाली उताणी पडून गेलेली. व्हिसा संपत आला होता. शनिवारी त्यांचं विमान होतं, कायमचं.

आणि मधे उभी होती ही १९०३ सालची लँचेस्टर.

या गाडीची पाटी लिहायला घेतली आणि मी थक्क झाले. बाकीचे कारखानदार घोड्याच्या बग्गीला इंजिन चिकटवत होते, तेव्हा बर्मिंगहॅमच्या लँचेस्टर बंधूंनी १८९५ साली मुळापासून मोटारच आखायला घेतली. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे. आत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन क्रँकशाफ्ट, म्हणजे एकाचा हादरा दुसऱ्यानं गिळायचा. पेट्रोलची वाफ करायला चक्क दिव्यासारख्या वाती. १९०४ मध्ये हाती भरपूर ऑर्डरी असताना भांडवलाअभावी कंपनी बुडायला आली, तरी पुन्हा उभी राहिली. पुढे अठ्ठावीस, अडतीस, चाळीस हॉर्सपॉवरच्या थाटाच्या गाड्या काढल्या, आपल्याकडच्या संस्थानिकांनीही त्या घेतल्या. १९३१ मध्ये ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि पन्नासच्या दशकात नावही पुसलं गेलं. एवढी अक्कल आणि शेवटी हे!

आमच्याकडे पाटीची शेवटची ओळ ठरलेली असते. एकतर 'चालू स्थितीत', नाहीतर 'केवळ प्रदर्शनासाठी'. चालू गाडी वर्षातून एकदा अंगणात फिरवतात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचं इंजिन कायमचं सील करतात.

वर्कशॉप मॅनेजर अंकुर लॅपटॉप मिटत आला. माझ्यासारखाच पुण्याचा, हुशार आणि घाईतला पोरगा.

"युसुफभाई, खलास आता. गुरुवारी अरबाब येतायत. स्टॅटिक करून टाकू. वाती मी ऑनलाइन बेस्ट क्वालिटीच्या मागवल्या होत्या, अजून काय करणार?"

"गुरुवार परवा हाय ना? मग परवापर्यंत ती मेलेली नाय," युसुफभाई शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. "म्याडम, चार महिने खपलोय हिच्यावर. एकदा चालताना बघून जायचाय. तुमच्या घरात दिव्याच्या वाती असतील?"

असतील काय! माझ्या सासूबाई पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कापूस कोंबतात. दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर घेऊन गेले. युसुफभाईंनी आधी साबणानं हात धुतले.

"पूजेचा हाय ना? चालंल?"

मलाही खात्री नव्हती. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इंग्रजांची गाडी माझ्या वातीवर चालणार? मग नीट वळा की! ओ भाऊ, असं चिमटीत नाही. मांडीवर घ्या आणि तळव्यानं वळा."

"हां, माई."

"घट्ट पिळू नका. दम कोंडतो तिचा."

"हां, माई."

ग्रीस मुरलेल्या त्या तळव्याखाली हातभर लांब वात हळूहळू उतरली. युसुफभाईंनी ती चहात सोडली. चहा सरसर वर चढला. पुण्यात सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

गुरुवारी सकाळी अंगणात सगळे जमले. अरबाब, त्यांची माणसं आणि हाताची घडी घातलेला अंकुर. युसुफभाईंनी चहाचा भरलेला ग्लास गाडीच्या फळीवर ठेवला आणि हँडल फिरवलं. काही नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला.

तिसऱ्यांदा गाडीनं घसा खाकरला आणि ती सुरू झाली.

ग्लासातला चहा थरथरला आणि मग जवळजवळ स्थिर झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर मांडलेलं गणित आमच्या डोळ्यांदेखत बरोबर येत होतं. मला रडूच फुटलं. लपवलं नाही.

"पण चालवणार कोण?" अंकुर पुटपुटला. गाडीला स्टिअरिंग व्हील नव्हतंच, बाजूला नुसता एक लांब दांडा होता.

"माझा बा होडी हाकायचा," युसुफभाई वर चढत म्हणाले. "हा सुकाणूच हाय."

त्यांनी दांडा धरला आणि गाडी खजुरांच्या सावलीतून निघाली. तीन फेऱ्या. पाठ ताठ, नजर लांब, पाण्यावर असावी तशी. अंकुरच्या हाताची घडी कधी सुटली ते त्यालाही कळलं नसेल. अरबाब फक्त "माशाल्ला" म्हणाले.

संध्याकाळी पाटी तयार झाली. युसुफभाईंना इंग्रजी वाचता येत नाही. "शेवटची ओळ कुठली?" त्यांनी विचारलं. मी दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, मग बाहीनं ती जागा पुसली.

"तुमचं नाव घालायला हवं होतं," मी म्हणाले.

"गाडी इंग्रजांची, वात माईंची. माझा काय?"

शुक्रवारी निघताना त्यांनी माझ्या हातात दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा दिला. आत कापसाच्या वातींच्या जुड्या होत्या, प्रत्येकीला लाल दोरा.

"वर्षाला एक. वीस हायत. कापूस उरला नाय."

"आणि सुकाणू कोण धरणार?"

ते हसले. "अंकुरला शिकवलाय सकाळी. वळताना घाबरतो. शिकंल."

संग्रहालयाची गाडी फाटकाशी थांबली होती. युसुफभाई तिच्याकडे गेले. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी दार उघडलं. आत बसण्याआधी ते सवयीनं वाकले, चाकाखाली तेल गळतंय का ते पाहिलं, आणि मग बसले.