एक पायरी वर

त्या घरात आईचा एक नियम होता: एक वस्तू आत आली की एक बाहेर जाणार. नवी कढई आली त्या दिवशी जुनी गेली. नवं कपाट आलं, तेव्हा जुन्या कपाटाबरोबर बाबांचे वायरींचे तीन डबेही गेले. त्यामुळे रविवारी सकाळी वेगळी राहणारी लेक नवा म्युझिक प्लेअर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

बाबांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती. हॉलमधल्या फळीवर त्यांचा सीडी प्लेअर होता. एका गिऱ्हाइकाने भंगारात द्या म्हणून सोडून दिलेला हा डबा त्यांनी वाजता केला होता. त्यानंतर तो अकरा वेळा बिघडला आणि अकराही वेळा त्यांनी त्याला माणसांत आणला. त्याच्यावर त्यांचा जीव होता, आणि अॅम्प्लिफायरशेजारी जागा एकाचीच होती.

"दोन्ही ऐकून बघू," लेक म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, पुराव्याशिवाय बोलायची नाही. "चांगला वाजेल तो राहील."

"आणि दुसरा आजच्या आज बाहेर," आईने निकाल आधीच देऊन टाकला.

बाबांच्या आवडत्या व्हायोलिनची सीडी लेकीने नव्या प्लेअरमध्ये भरून आणली होती. आधी जुना लावला, मग नवा. आणि काय सांगावं, नव्याने पहिल्या सुरातच बाजी मारली. व्हायोलिन कसं भरभरून आलं. आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघराच्या दारात आली. "हा छान आहे बाई!" बाबांना स्वतःच्या कानांचा राग आला, कारण त्यांनाही तो छानच वाटला होता.

ते उठून जुन्यामागची धूळ उगाचच पुसायला लागले. मध्येच त्यांचा हात थांबला. असं पहिल्या सुरातच भुलणं त्यांना चांगलंच ओळखीचं होतं. दुकानात गिऱ्हाईक रेडिओ न्यायला आलं की ते आवाज थोडा जास्त ठेवूनच रेडिओ लावून दाखवायचे. "वा, आता कसा मस्त वाजतोय!" गिऱ्हाईक खूश. जरा मोठ्याने वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं. आज तीच युक्ती त्यांच्यावर उलटली होती, आणि लेकीला त्याचा पत्ताही नव्हता.

"नवा मोठ्याने वाजतोय!" ते ओरडलेच. "ही काय बरोबरीची झुंज म्हणायची?"

पटवून देताना दुकानातली युक्तीही सांगावी लागली. आईने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तीस वर्षं लोकांना बनवलंत?"

"बनवलं कसलं! दुरुस्ती खरीच करायचो. वर जरासा आवाज द्यायचो, इतकंच."

"माझा मिक्सरही असाच दुरुस्त केलात वाटतं. तेव्हापासून नुसता आवाजच करतोय."

लेक हसून हसून खाली बसली.

मग बाबांनी दुकानातला व्होल्टेज मोजायचा मीटर काढला आणि तो वायरींना लावायला ते स्पीकरमागे गुडघ्यांवर बसले. दोन्हींवर सारखीच एकसुरी पीं लावायची, मीटरवरचे आकडे जुळवायचे. जुन्याचा आवाज ठरलेला. नव्याचा लेक मोबाइलवरून कमी करत होती.

"खाली घे. अजून एक पायरी. अजून एक." आकडे जुळले. पण बाबांच्या तोंडून निघून गेलं, "अजून एक."

आता जुना केसभर मोठा झाला होता. मीटर फक्त त्यांनाच दिसत होता. अकरा वेळा वाचवलेल्याला बाराव्यांदा वाचवायला एवढी एक पायरी पुरली असती. गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी, ही पोटची पोर होती. आणि मग रोज सीडी लावताना ती पायरी आठवली असती.

"थांब," ते म्हणाले. "एक पायरी वर घे. माझंच चुकलं."

फळीसमोर चादर बांधली. जुन्यातल्या फिरत्या सीडीची घरघर ऐकून तो ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही एकदमच चालू ठेवायचे ठरले. कुणाचा आवाज सोडायचा ते अॅम्प्लिफायरच्या बटणाने बदलायला आणि टिपून ठेवायला आई चादरीआड बसली. प्रत्येक फेरीत दोन्ही ऐकवायचे, आधी कुठला ते नाणं उडवून ठरवायचं, आणि आवडलेला पहिला की दुसरा ते बापलेकींनी कागदावर लिहायचं. आईच्या अंगात तर न्यायाधीशच शिरला होता. "खोकू नका. एकमेकांच्या कागदात बघू नका." अशा दहा फेऱ्या झाल्या.

कागद उघडले. बाबांनी सहा वेळा नवा निवडला होता. लेकीने सहा वेळा जुना.

"मग जिंकलं कोण?" आईने विचारलं.

"कोणीच नाही," लेक म्हणाली. "सहा-चार तर नुसतं नाणं उडवूनही येतं. आम्हाला फरक कळतच नाही."

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तीस वर्षं तयार केलेले कान, आणि त्यांना आपला डबाही ओळखता येऊ नये! पण जुना हरला नव्हता, याचा आनंद त्यांना लपवता येईना.

आई मात्र नियम सोडणारी नव्हती. फळी एक, जागा एक.

"नवा राहू दे," बाबाच म्हणाले. "पोरीने हौसेने आणलाय. आणि तो बिघडणार नाही." जुन्याच्या वायरी त्यांनी स्वतःच काढल्या.

तेवढ्यात लेकीने टॉवेल आणला आणि जुना प्लेअर त्यात गुंडाळायला घेतला. "हा माझ्या घरी येतोय. आई, बाहेरच जातोय ना? नियम पाळला."

"अगं, दर चार-सहा महिन्यांनी बिघडतो तो!" बाबा म्हणाले.

"माहितीये. दुरुस्त करणारा माणूस घरी यावा, म्हणूनच नेतेय."

आई लगेच बाबांना म्हणाली, "मग तुमचा पेचकसांचा डबाही तिकडेच ठेवा. तेवढीच माझी जागा मोकळी होईल."

तिचं बोलणं संपायच्या आत बाबा डबा काढायला स्टुलावर चढले होते.