हरिणीचे पांढरे अश्रू

रविवारी संग्रहालयाचे दार उघडण्याआधीच रांग कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत पोहोचलेली असे. एके काळी त्या दारात चिटपाखरूही फिरकत नव्हते. आता मात्र टाचण्या टोचलेली फुलपाखरे, पिवळ्या पडलेल्या औषधात बुडवलेले साप, अंड्यांचे खण यांतल्या कशाकडेही मान वळवून न बघता लोक थेट शेवटच्या खोलीत शिरत. तिथे काचेच्या कपाटात पेंढा भरलेली एक जुनी हरिणी उभी होती, आणि ती रडत होती.

डोळ्याच्या कोपऱ्यातून गालावर उतरलेली पांढरी रेघ कुणालाही दिसत असे. पुसली की काही दिवसांनी पुन्हा उमटे.

"पाणी रडतात ती जिवंत माणसं!" खोलीचा राखणदार कपाटाला पाठ लावून गर्जत असे. "गेलेली माणसं कोरडी रडतात! तुमचं माणूस हिच्या डोळ्यांतून तुम्हालाच बघतंय. या बाजूला या, त्या बाजूला जा, बघतंय की नाही? अहो, ढकलू नका! सगळ्यांची माणसं आत आहेत, सगळ्यांना वेळ मिळेल!"

जणू हरिणीच्या पोटात बाकडी टाकून मेलेल्यांना नंबराप्रमाणे बसवले होते. हा माणूस वर्षानुवर्षे 'शांतता राखा' या पाटीखाली स्टूल टाकून बसलेला, म्हणून लोक त्याला मौनीबुवा म्हणू लागले. नाव पडल्यापासून त्याच्या तोंडाला खळ नव्हता. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला. तो आत हात घालून ती पांढरी पूड नखाने खरवडायचा आणि चिमूट चिमूट वाटायचा. जिभेवर ठेवली की गेलेले माणूस जवळ येते म्हणे.

त्या रांगेत वहिनी न चुकता असायची. ती घरी शिवणकाम करी. ब्लाउज, शाळेचे गणवेश, काजे-बटणे, जे येईल ते. गल्लीतली म्हातारी माणसेसुद्धा तिला वहिनीच म्हणत. तिची थोरली मुलगी चिमणी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. चिमणीला ही हरिणी फार आवडायची. तेव्हा संग्रहालय रिकामे असे. वहिनी, तिचा नवरा आणि दोघी मुली रविवारी यायचे. चिमणी काचेला नाक लावून हरिणीला वर्गातल्या भानगडी सांगायची, काचेवर वाफ धरायची, आणि धाकटी ती वाफ बोटाने पुसायची.

त्यामुळे हरिणी रडायला लागल्याचे कानावर आले, तेव्हा वहिनीला कुणी पटवून द्यावे लागले नाही.

पहिल्या काही चिमटींनी काहीच झाले नाही. मग एका दुपारी मशीनवर बसलेली असताना तिच्या डाव्या हाताच्या बोटांत बारीक मुंग्या आल्या. कुणीतरी लहान, जरा थंड बोटांनी आपली बोटे धरली आहेत, अगदी असे वाटले. रस्ता ओलांडताना चिमणी तशीच धरायची. वहिनीने मशीन थांबवले आणि हात जसाच्या तसा मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

त्यानंतर तो हात रोज येऊ लागला. पुढे उजव्याही बोटांत आला, तळपायांत आला. कधी अन्न पोटात ठरत नसे, कधी सुई बोटात रुतलेली कळत नसे. कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की समजायचे. वहिनीची तक्रार नव्हती. नवरा एकदा म्हणाला, "डॉक्टरला दाखवू या का?" ती म्हणाली, "कशाला? मी इतकी बरी दोन वर्षांत नव्हते." तो गॅरेजमध्ये इंजिने खोलणारा माणूस, पण बायको पुन्हा हसते आहे हे बघून त्याने हे एक इंजिन खोलायचे टाळले.

नणंद चार दिवस राहायला आली ती अशा वेळी. ती दूरच्या शहरात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रविवारी सगळी मिळून संग्रहालयात गेली. मौनीबुवाने वहिनीला ओळखीचे हसू दिले आणि तळहातावर जरा मोठीच चिमूट ठेवली. वहिनीने अर्धी जिभेवर ठेवली आणि उरलेली कागदात बांधली.

"ती कुणाला?" नणंदेने विचारले.

"धाकटीला. आजपासून दुधातून देणार आहे. ती ताईला विसरायला लागलीय, वन्सं. परवा मला विचारते, ताईचा आवाज कसा होता? बुवा म्हणाले, हिलाही द्या, आठवण पक्की राहील."

पुडी बांधणाऱ्या त्या बोटांकडे नणंद बघतच राहिली. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, प्रत्येक नखावर सारख्याच उंचीला.

"वहिनी, ही पुडी मला दे ना," ती हळूच म्हणाली. "चिमणी माझीही होती."

वहिनीचे डोळे भरून आले. घरातले कुणीतरी आपल्या बाजूला आले असे वाटून तिने पुडी लगेच देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेने बॅगेतून सामान काढून ओट्यावर मांडले. विहिरींच्या पाण्यात विष आहे का हे बघायला ती गावोगाव तेच घेऊन फिरत असे. एका बाटलीत तिने घरातले मीठ टाकले, दुसरीत पुडीतली पूड. दोन्हींत पाणी, जस्ताचा चुरा आणि आम्ल घालून तोंडावर रसायन लावलेल्या कागदाचा एकेक तुकडा बसवला. बाटल्यांत बुडबुडे येऊ लागले. मिठाचा कागद पांढराच राहिला. दुसरा आधी पिवळा झाला, मग मातकट, मग भाजल्यासारखा तपकिरी.

"हा सोमल आहे," नणंद म्हणाली. "आर्सेनिक. पूर्वी मेलेल्या जनावराच्या कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून हेच चोपडत. ते आता कातड्यातून बाहेर पडतंय. तुझ्या बोटांतल्या मुंग्या, पोटाचा त्रास, नखांवरच्या रेघा, सगळं त्याचंच."

"मुंग्या नाहीत त्या." वहिनीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "तिचा हात आहे. तुम्ही खोटं बोलून पुडी घेतलीत माझ्याकडून!"

"घेतली. पण हे विष आहे, वहिनी."

"मग असू दे विष!" वहिनी ओरडली. "मला चालेल!"

बाहेर अंगणात धाकटी दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरीचा सपसप आवाज आत येत होता.

"आणि तिला?" नणंदेने विचारले.

संध्याकाळी डॉक्टरकडे जायला वहिनीच आधी चप्पल घालून उभी राहिली. नवरा वाटेत एवढेच म्हणाला, "मीच आधी न्यायला हवं होतं."

तपासण्यांत नणंदेचेच म्हणणे खरे ठरले. औषध सुरू झाले. अन्न पोटात राहू लागले, सुई टोचलेली कळू लागली. पण बोटे सुधारत होती, तसा तो हात सुटत चालला होता. सकाळी उठल्यावर वहिनी आधी चाचपून बघायची. अजून आहे, अजून थोडासा आहे. एकदा तिने औषधाची गोळी पदराच्या गाठीत लपवली, गच्च बांधून ठेवली, आणि दुपारी स्वतःच गाठ सोडून गिळली. एके दिवशी बोटांत काहीच उरले नाही. त्या दिवशी तिची मुलगी दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी सांत्वनाला कुणी आले नाही.

रविवार आला तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "चला, म्युझियमला जाऊ."

चार दिवसांची रजा वाढवून राहिलेली नणंद तिथल्या प्रमुख बाईंकडे खेटे घालत होती, आणि त्या आता कुठे तयार झाल्या होत्या. बाईंचा चेहरा उतरलेला होता. गर्दीमुळे संग्रहालय वाचले, म्हणून त्यांनी इतके दिवस डोळेझाक केली होती. हातमोजे घालून त्यांनी सगळ्यांसमोर कपाट उघडले आणि हरिणीच्या पाठीवर टिपकागद दाबला. कागद चिंब भिजला. चौथऱ्यामागे बादली होती, आणि बादलीत स्पंज.

"हे काय आहे?" त्यांनी मौनीबुवाला विचारले.

आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या नावाला जागला.

शेवटी वहिनीचा नवरा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा बुवा बोलला. एकदा छत गळून हरिणी भिजली होती, वाळताना ती पांढरी रेघ आली. एक बाई ती बघून रडू लागली, पाठोपाठ आणखी चौघी आल्या. मग छत दुरुस्त झाले तसा हा रोज संग्रहालय बंद झाल्यावर स्पंज फिरवू लागला.

"पाण्यात विष विरघळतं," नणंदेने लोकांना सांगितले. "डोळ्याजवळ कातडं फाटलंय, तिथून ते बाहेर येतं. पाणी उडून जातं, विष मागे राहतं. डोळा तर काचेचा आहे आणि खोल बसवलाय, म्हणून कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतो असं वाटतं." तिने तिथेच बाटली लावली आणि तपकिरी झालेला कागद हातोहात फिरवला.

मौनीबुवा आपल्या हातांकडे बघत होता. तळव्यांवर जाड, काळपट घट्टे उठले होते. "ताई," त्याने घोगऱ्या आवाजात विचारले, "मग हे माझे हात...?"

"उद्याच दवाखान्यात जा," नणंद म्हणाली. "इथल्या सगळ्यांनीच जा. ज्यांनी ज्यांनी खाल्लंय, त्यांनी."

गर्दी पांगू लागली. कुणी रागाने पुड्या फेकल्या, कुणी नणंदेलाच नास्तिक म्हणत निघून गेले. एक म्हातारे गृहस्थ मात्र मूठ घट्ट मिटून काचेजवळ उभेच राहिले.

"आमची ही रोज बघायची माझ्याकडे," ते म्हणाले. "ती रडत नव्हती तर?"

नणंद उत्तर द्यायला पुढे झाली, पण वहिनीने तिला थांबवले.

"नाही हो आजोबा," ती म्हणाली. "ही हरिणी मेलेली आहे. तुमच्या घरच्याही गेल्या आणि माझी मुलगीही गेली. मला तर तिचा हात हातात आल्यासारखा वाटायचा, आणि ते विष होतं. त्याच विषाची चिमूट मी माझ्या दुसऱ्या मुलीच्या दुधात घालणार होते. वेडी म्हणून नव्हे, दुःखात होते म्हणून. दुःखातल्या माणसाला कुणी काही चाखायला दिलं, तर त्यानं आधी विचारावं, हे काय आहे? कुठून आलं? कुणी तपासलं? असं विचारल्यानं गेलेल्याचा अपमान होत नाही. जे मागे राहिलेत, ते वाचतात."

म्हाताऱ्यांनी मूठ उघडली आणि वहिनीने पुढे धरलेल्या बाटलीत ती चिमूट काळजीपूर्वक झटकली.