चोविसावी एकादशी

टेंभुर्णीत बसस्टँडसमोर राधेश्यामचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या साली कपाशीचं बियाणं असं खपलं की कंपनीनं जिल्ह्यातल्या बारा दुकानदारांना परदेशाचा दौरा लावला. मागच्या खेपेला मंडळी एकटीच बँकॉकला जाऊन आली होती आणि गावोगाव नको ती चर्चा झाली होती. म्हणून या खेपेला नियमच केला, बायको सोबत असेल तरच तिकीट. ठिकाणाचं नाव ऐकून अख्खी गल्ली हसली. रारोटोंगा.

"रारो... काय ते?" राधेश्यामच्या आई, द्वारकाबाई म्हणाल्या. "माणसं तरी राहतात का तिथं?"

"राहतात ना. समुद्राच्या पार मधोमध बेटं हैत. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर छोट्या विमानानं जायचं."

"जाय मंग. पण सुनंची एकादशी चुकवू नको, सांगून ठेवते."

या एकादशीवर त्या घराचं सगळं काही टांगलेलं होतं. शीतलच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न करून पाहिले आणि शेवटी, आता बाईंच्या शरीराचे हाल करू नका, म्हणून फाईल परत दिली. त्याच महिन्यात गावच्या सप्ताहात आदिनाथ महाराजांचं कीर्तन झालं. मागणाऱ्याचा भाव पक्का पाहिजे, देव उशीर करील पण रिकाम्या हातानं पाठवणार नाही, असं महाराज टाळमृदंगाच्या भरात म्हणाले, आणि शीतलनं तिथंच मांडवात पदर पसरून नवस बोलला. वर्षभराच्या चोवीस एकादश्या निरंकार धरीन. साबुदाणा नाही, भगर नाही, नुसतं पाणी. चोवीस पुऱ्या झाल्या की माझी ओटी भर.

तेवीस झाल्या होत्या. तापातही तिनं मोडली नव्हती. चोविसावी परतीच्या प्रवासात, गुरुवारी येत होती. द्वारकाबाईंनी दिनदर्शिकेचं पान फाडून, गुरुवारभोवती कुंकवाचं बोट फिरवून तिच्या पर्समध्ये घातलं. रविवारच्या उद्यापनाची आवतणंही देऊन टाकली. अकरा जोडपी जेवायला आणि महाराजांचं कीर्तन.

शनिवारी सकाळी ऑकलंडहून विमान उडालं आणि दुपारी रारोटोंगाला उतरलं, तर तिथं शुक्रवार! सगळे मोबाईल झटकून बघू लागले. भोकरदनचा वसंता म्हणजे गटातला विनोदी माणूस. "घ्या! कंपनीनं एक दिवस फुकट दिला. स्कीमवर स्कीम!" गाईड हसून म्हणाला, "वाटेत तारीख बदलायची रेषा ओलांडली आपण. जाताना परत द्यावा लागतो हा दिवस." त्याचं बोलणं हशात बुडालं. राधेश्यामनं ते ऐकलं होतं. बरोबर ऐकलं होतं.

रविवारी शीतल एका चर्चच्या दारात थबकली. आत बेटावरची माणसं गात होती. पुरुष खर्जात हुंकार देत होते आणि बाया त्यावर चढत चढत जात होत्या. वाद्य एकही नाही. तिनं चपला काढल्या.

"अहो, हे तर कीर्तनच करून राह्यले."

"चल, बस निघाली."

"थांबा ना जरा. चाल पुरी होऊ द्या."

ऐतुताकी नावाच्या बेटावर पाणी मोरपंखी होतं आणि कमरेच्या वर जात नव्हतं. शीतल सलवार वर धरून पाण्यात उतरली, पायाला मासा लागला म्हणून ओरडली आणि मग खदाखदा हसायला लागली. राधेश्याम काठावर नुसता बघत राहिला. हे हसू त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. तिथल्या एका म्हातारीनं तिच्या कानामागं पांढरं फूल खोवलं. त्यानंतर आतिऊ नावाचं तिसरं बेट. तिथं संध्याकाळी दोघं हात धरून चालले. टेंभुर्णीत असं चालणं कुठलं? तिथं तो चार पावलं पुढं असायचा.

चालता चालता तो म्हणाला, "एक सांगू का? मूल न्हाई झालं तरी मला चालतंय. आपून दोघं हैत ना."

शीतलनं हात सोडवून घेतला. "तुम्हाला चालतंय. मला न्हाई चालत. अन् आता एकच राह्यली, असं तोंडातून काढू नका."

बुधवारी दुपारी तीनला रारोटोंगाहून परतीचं विमान निघालं. साडेचारला जेवण आलं. शीतलला भूक नव्हती. राधेश्यामनं तिच्यासमोरचं ताट उघडलं.

"खाऊन घे. उद्या दिवसभर पाण्यावर राहायचंय तुला."

"नको हो, मन न्हाई."

"अगं, आज दशमी. आज पोटभर खायचं असतंय. धर." आणि त्यानं भाताचा घास आपल्या हातानं तिच्या तोंडाशी नेला. पलीकडून वसंता म्हणाला, "वहिनी, घ्या घ्या! टेंभुर्णीत हे भेटणार न्हाई." शीतल लाजली, आणि तिनं तो घास घेतला. मग दुसरा. सगळं ताट तिनं त्याच्या हातून खाल्लं. मी तर म्हणतो, नऊ वर्षांत तिच्या वाट्याला आलेलं ते सगळ्यात गोड जेवण होतं.

विमान ऑकलंडला उतरलं. वसंतानं मोबाईल चालू केला आणि ओरडला, "अरे, गुरुवार! संध्याकाळचे सहा! सकाळ कुठं गेली राव?"

शीतलनं पर्समधून पान काढलं, उघडलं, पुन्हा घडी घातली.

"अहो, गावाकडं आत्ता काय वाजलं?"

राधेश्यामनं बोटांवर हिशेब केला. "साडेदहा."

"कोणत्या दिवसाचे?"

त्यानं मोबाईल खिशात घातला.

"मंग मी जेवले तवा आठ वाजले असतील. आत्याबाई देवळातून येऊन तुळशीला पाणी घालत असतील. एकादशीच्या सकाळी मी ताट भरून जेवले."

"शीतल, तिथं बुधवारच होता. मुद्दाम थोडंच..."

"गाईड बोलला होता ना तुम्हाला?"

"बोलला होता," तो म्हणाला. "पण त्याचा अन् एकादशीचा संबंध माझ्या ध्यानातच आला न्हाई."

तिनं पान पर्समध्ये ठेवलं. उरलेला दिवस तिनं पाणीही घेतलं नाही.

शनिवारी घरी पोचल्यावर राधेश्याम आधी महाराजांकडं गेला. परतला तो चेहरा उजळून. "महाराज म्हणले, देव घड्याळ बघत न्हाई, माऊली. भाव बघतो. एकादशी झाली असंच धरा."

शीतल गहू निवडत होती. "घड्याळ बघत न्हाई, तारीख बघत न्हाई. मंग माझ्या तेवीस तरी त्यानं कशाला मोजल्या असतील?"

राधेश्याम तिच्यासमोर बसून खडे वेचू लागला. कीर्तनात शब्दाला टाळमृदंगाचा आधार असतो. घराच्या ओट्यावर तोच शब्द एकटा पडतो.

रविवारी सकाळी पुरण वाटता वाटता शीतलनं सासूला सगळं सांगितलं. उद्यापनाला बसण्याआधी सांगणं भाग होतं. द्वारकाबाईंचा हात थांबला.

"कोणाकोणाला माहिती?"

"ह्यांना. अन् महाराजांना."

"मंग आता बोलू नको. अकरा जोडपी यायचीत."

"खोटं उद्यापन करायचं, आत्याबाई?"

द्वारकाबाईंनी पुरणावर झाकण ठेवलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "मला तरी कशाला सांगितलंस गं? वरत तुझं होतं, बराबर. पण मी बी रोज दिवस मोजून राह्यल्ते. तू न्हाई सांगितलं असतं, तर माझे अजून सहा महिने आशेवर गेले असते."

"चुकलं माझं."

"पुढच्या एकादशीपास्नं पुन्हा धर," त्या म्हणाल्या. पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

"न्हाई हो. आता अंगात बळ न्हाई."

दुपारी कीर्तन उभं राहिलं. महाराजांचा आवाज लागला, मृदंग घुमला, माणसं डोलू लागली. द्वारकाबाई दर कीर्तनाला पुढं बसून टाळ्या धरायच्या. आज त्या खांबाला टेकून बसल्या आणि हात मांडीवरच राहिले. महाराजांनी माईकवर शीतलचं नाव घेतलं, चोवीस एकादश्यांचं कौतुक केलं, हात वर करून आशीर्वाद दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. राधेश्याम मांडवाच्या कडेला खाली मान घालून उभा होता.

मग बाया ओटी भरायला आल्या. पहिलीनं तांदूळ, खोबरं, हळकुंड पदरात घातलं आणि कानाशी म्हणाली, "पुढच्या साली बारशाला बोलव हो." शीतल म्हणाली, "हो." दुसरी म्हणाली, "पोरगंच होईल बघ." शीतल म्हणाली, "हो." पदर जड होत गेला. नववी, दहावी. अकराव्या बाईनं तिच्या पोटावरून मायेनं हात फिरवला. "देव खरा असला तर देतोच गं."

"हो," शीतल म्हणाली, आणि तांदूळ सांडू नयेत म्हणून तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.