ओबेडबाबांचा तिसरा बार

ओबेडबाबा जिंकले. तिसऱ्या बाराला चाळीस पावलांवरची नेमाची लाकडी पाटी भेदली गेली. पण असं काही घडलंच नाही, असं आता सगळ्यांनी ठरवलं आहे. म्हणून मीही ते विसरतो आणि पहिल्यापासून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. ठासणीच्या बंदुकीत दारूवर गोळी ठासतात, तो. टेनेसीच्या डोंगरात ओबेड प्रुइट यांनी मला हिकरीच्या लाकडातून तासलं आणि अस्वलाच्या चरबीत मुरवलं. तीस वर्षं मी त्यांच्या बंदुकीत उतरलो. कौतुक कायम बंदुकीचं झालं. मग ती फुटली. बाबांनी मला कारागीर लेम फाउट्सपुढे धरलं. "याच्या मापाची चकमकीची बंदूक बनव."

बटण आणून कोट शिवायला सांगणारं गिऱ्हाईक लेमनं पहिल्यांदाच पाहिलं. तरी आठ महिने खपून त्यानं बंदूक बनवली.

तोवर बाबांची नजर अधू झाली होती. हरीण समजून त्यांनी पाद्रीबुवांवर बार टाकला होता. नेम चुकला म्हणून पाद्री वाचले. हे कळताच बाबांची मुलगी तमार शहरातून गाडी घेऊनच आली.

"तीन बार, बाबा. एक गोळी पाटीला लागली तर राहा इथं एकटे. नाहीतर आजच गाडीत बसायचं."

"अंथरूण आधीच चढवलंस की गं!"

"मला तुमचा नेम ठाऊक आहे."

पहिल्या बाराला बंदुकीच्या कानावरची रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, फुर्रकन पेटली, पण आत बार उडालाच नाही. "नवी आहे, लाजते," लेम म्हणाला. दुसरा उडाला, आणि पाटीपासून बराच लांब असलेला भोपळा फुटला.

"भोपळा धरायचा नाही," तमार म्हणाली.

बाबांकडे आता एकच बार उरला होता. त्यांनी दारू ओतली, गोळी ठेवली, मला आत दाबलं. मला बाहेर काढायचं मात्र विसरले. मी ओरडलो असतो, पण गजाला तोंड नसतं. चकमकीचा घोडा पडला.

मी उडालो. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी आभाळात होतो. मग पाटी दिसली. मी तिच्या बरोबर मधोमध घुसलो.

"ओबेडकाका, गज मारलात तुम्ही!" लेम पोट धरून हसत होता.

बाबा डोळे बारीक करून तिकडे पाहत राहिले. माझं अर्धं अंग पाटीबाहेर थरथरत होतं.

"काय झालं? लागलं का रे?" त्यांनी विचारलं.

लेमचं हसू थांबलं. तमारनं बाबांचा हात धरला. "नाही लागलं, बाबा. चला."

बाबांना घेऊन गाडी शहराकडे गेली. बंदूक लेमच्या भिंतीवर गेली. मी अजून पाटीतच आहे. मित्रांनो, बार टाकण्यापूर्वी गज काढून ठेवत जा, आणि म्हाताऱ्यांना खरं सांगत जा.

तमारबाई प्रुइट यांस विनंती अर्ज: सदर गजास गोळी समजण्यात यावे, व ओबेड प्रुइट यांस डोंगरावर त्वरित परत आणण्यात यावे. पुराव्यादाखल पाटी सोबत जोडली आहे. ती निघत नाही.