कोणता दिवा लाल आहे?

"डब्यावरचा कोणता दिवा लाल आहे, सर?" नवीने पडद्यावरचा पहिला प्रश्न वाचला आणि उत्तर टिपायला बोट कळफलकावर तयार ठेवलं.

"ते तुम्हीच सांगा, बाई," पलीकडून एक प्रसन्न, जाडसर आवाज आला. "मला दिसत नाही."

"चष्मा लावून बघता का?"

"चष्म्याच्या पलीकडे गेलंय प्रकरण. जन्मापासूनच."

नवीचं बोट होतं तिथेच राहिलं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षात तिचा हा तिसरा आठवडा होता. तिथे सगळे तिला 'नवी'च म्हणत. खरं नाव विचारायला अजून कुणाला सवड झाली नव्हती. समोरच्या प्रश्नावलीत उत्तराचे तीन पर्याय होते: लाल, हिरवा, लागत नाही. चौथा नव्हता.

"माफ करा, सर."

"माफी कसली? आणि सर नको. माझ्या हातात छडी असते खरी, पण ती रस्ता शोधायला. काका म्हणा."

काका पियानो सुरात लावून द्यायचं काम करत. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन तारा ताणत आणि ढिल्या करत होते. आज अकरा वाजता त्यांना बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं होतं. त्या आनंदात काल त्यांनी सगळं घर झाडून-पुसून काढलं, राउटरच्या वायरी उपटून फडताळही पुसलं आणि अंदाजाने सगळ्या वायरी परत खोचल्या. तेव्हापासून त्यांचा बोलणारा टॅबलेट एकच पालुपद आळवत होता.

"'वायफाय जोडलेलं आहे. इंटरनेट उपलब्ध नाही.'" काकांनी यंत्राची हुबेहूब नक्कल केली. "म्हणजे काय हो? पान मांडलंय, पण जेवण नाही?"

नवी हसली. "तसंच आहे, काका. वायफाय म्हणजे टॅबलेटपासून राउटरपर्यंतची वाट. घरातल्या घरात. ती ठीक आहे. घोळ आहे तो बाहेरून येणाऱ्या वायरीचा. भिंतीवर आमचा एक छोटा डबा असेल ना, मोडेम? त्यातून निघालेली वायर राउटरच्या मागे जिथे 'वॅन' लिहिलंय तिथे..."

तिने जीभ चावली.

"लिहिलं असेल हो," काका म्हणाले. "पण हाताला ते कसं लागतं, ते सांगा. मागे पाच खाचा आहेत. वायर सध्या मधल्या खाचेत आहे."

नवीने डोळ्यांसमोर चित्र आणलं. निळी खाच, पिवळ्या खाचा. प्रशिक्षणात रंगच शिकवले होते.

"काका, खरं सांगू का? मी हा डबा कधी हातात घेतलेला नाही. नुसते फोटो बघितलेत."

मग काका एवढे खदखदून हसले की शेजारच्या मुलीने मान वळवून पाहिलं.

"म्हणजे मी पाहिलेला नाही आणि तुम्ही शिवलेला नाही! छान जोडी जमली."

तेवढ्यात मदतकक्षाच्या प्रमुख मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. एका फोनला आठ मिनिटं, असा त्यांचा दंडक होता आणि पडद्यावर अकरावं चालू होतं. नवीने माइकवर हात ठेवून घाईघाईने सगळं सांगितलं.

"बहिणीशीच बोलायचंय ना? मग आज फोनवर बोला म्हणावं," मॅडम म्हणाल्या. "उद्या माणूस पाठवू."

नवीने तसं विचारलं.

"फोनवर आमचं जमत नाही," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातलं हसू ओसरलं. "पाच आठवडे ती हॉस्पिटलात होती. काल घरी आली. भाचीच्या तोंडून निरोप ऐकून ऐकून कान विटले माझे. उद्यावर नका हो ढकलू."

नवीने मॅडमकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला एकोणीस मिनिटं कमी होती. मॅडमनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"बाहेरच्या काचेच्या कपाटात नमुन्याचा राउटर आहे. आण जा."

नवी धावत गेली, धावत आली. दोन अँटेना, वर जाळी, खाली चार रबरी पाय: काकांनी चाचपून सांगितलं, त्यांचाही तसाच होता. तिने डबा मांडीवर घेतला, त्याची पाठ आपल्याकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटले. बोटं हळूहळू फिरवली. आधी सगळ्या खाचा सारख्याच लागल्या. पुन्हा फिरवली.

"काका! चार खाचा एकमेकींना चिकटून आहेत. मग करंगळीच्या पेराएवढी मोकळी जागा. आणि मग एकटी एक."

"थांबा... हो, हो! चार भाऊ एकत्र आणि पाचव्याने वेगळं बिऱ्हाड केलंय."

"तो वॅन! बाहेरचं इंटरनेट तिथूनच आत येतं. बाकीचे चार लॅनचे, घरातली यंत्रं वायरीने जोडायला."

"आणि मी पाहुण्याला पाठवलं तिसऱ्या भावाकडे. तो कशाला दार उघडतोय!"

वायरीच्या टोकाची जिभेसारखी पट्टी दाबायची, मग ओढायचं. नवीने आधी आपल्या डब्यावर करून पाहिलं आणि मग सांगितलं. फोनवर टक असा आवाज आला, थोड्या वेळाने दुसरा टक. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर दोन मिनिटं थांबायचं होतं. काका त्या शांततेत कान देऊन होते.

"याचा अ‍ॅडॉप्टर गुणगुणतोय," ते म्हणाले. "किंचित उतरलेला आहे सुरात."

मॅडमनी त्याच लाइनचा दुसरा हेडफोन कानाला लावला होता.

"'इंटरनेट उपलब्ध आहे,'" टॅबलेट म्हणाला.

"आलं! आलं हो!" काका ओरडले आणि त्याच वेळी टॅबलेटवर घंटी वाजू लागली. गडबडीत त्यांनी फोन चालूच टेबलावर ठेवून दिला.

"अरे, आहेस कुठे?" एका बाईचा आवाज एवढ्या जोरात आला की नवीने हेडफोन कानापासून लांब धरला. "सगळं काळंकुट्ट दिसतंय!"

"इथेच आहे, ताई."

"काहीतरी बोल की! की आत्ताच बोललास? अरे, तुझे ओठ दिसल्याशिवाय मला कसं कळणार? दिवा लाव, दिवा!"

नवीने मांडीवरचा डबा हळूच टेबलावर ठेवला.

"दिवा!" काका स्वतःशीच पुटपुटले. "लख्ख पुसलं सगळं, धूळ नको म्हणून खिडक्याही लावून घेतल्या, पण दिवा काही आठवला नाही." खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग भिंत चाचपल्याचा, मग बटणाचा.

"दिसलास! अगं बाई, केवढा वाळलायस!"

"तुझा आवाज मात्र तेवढाच धिप्पाड आहे."

मग ताईंचं हसू फुटलं, खोकल्यात अडकलं, पुन्हा सुटलं.

"मला म्हणतोस! पाच आठवडे कुणाशी धड भांडले नाही मी. नर्स सगळ्या गरीब स्वभावाच्या."

"मग कर सुरू. मी मोकळाच आहे."

ताईंनी खरंच सुरू केलं. त्याच्या शर्टापासून, विस्कटलेल्या केसांपासून, लहानपणी त्याने फोडलेल्या कुठल्याशा बरणीपर्यंत. काका प्रत्येक आरोप नाकारत होते आणि ताई दर वेळी घटकाभर थांबून, त्यांचं उत्तर नीट वाचून घेऊन मग उसळत होत्या. मॅडमनी तोंडावर हात धरला होता. त्यांचे खांदे गदगदत होते.

मग ताईंचा आवाज एकदम खाली आला. इतका, की काकाही बोलायचे थांबले.

मॅडमनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. नवीने लाइन बंद केली.