वाफ्याशेजारची सावली

सकाळपासून वहिनींचा पाय घरात ठरत नव्हता. मागच्या अंगणात जायचं, जरबेराच्या वाफ्यावर वाकून पानं चाचपायची, आत येऊन घड्याळ बघायचं, परत बाहेर. दुपारी फुलवाला येणार होता. “भर उन्हात रोपं ताठ दिसली तर उन्हाळाभर तुमचीच फुलं दुकानात ठेवीन,” असं तो म्हणाला होता. वहिनींच्या हाताचं कौतुक आजवर पुष्कळांनी केलं होतं. विकत कुणी काही घेतलं नव्हतं.

वाफ्यावर सावली करायचं काम वहिनींचे यजमान, म्हणजे घरातले थोरले, आणि त्यांचा धाकटा भाऊ यांनी अंगावर घेतलं होतं. थोरल्यांनी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले होते आणि धाकट्याने जन्मभर “बरोबर आहे, दादा” म्हटलं होतं, तेव्हा अनुभवाला तोटा नव्हता. ऊन दोघांनाही सोसत नसल्यामुळे काम संध्याकाळी, चहानंतर चाले.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी वाफ्याभोवती चार बांबू धरून वर चादर ताणली. सावली वाफा सोडून भिंतीवर चढली.

“बघ,” थोरले म्हणाले, “अडाणी माणूस रोपांच्या डोक्यावर छप्पर घालतो.”

“आणि सावली शेजाऱ्याला देतो. बरोबर आहे, दादा.”

मग सावली नेमकी वाफ्यावर येऊन बसेपर्यंत बांबू मावळतीकडे सरकवले. तिथे लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये पक्के केले आणि काल संध्याकाळी वर हिरवी शेडनेट तारेने आवळली.

“अहो, हे वाफ्यावर कुठंय? बाजूला आहे की!” वहिनी म्हणाल्या होत्या.

“सावली तिरकी पडते. वर बघू नकोस, खाली बघ.”

त्यांनी खाली पाहिलं. वाफा सावलीत होता. तरी मनात काहीतरी टोचत राहिलं. रोपांवर दुपारी टेकवायच्या जुन्या छत्र्या तेवढ्यात थोरल्यांनी भंगारात देऊन टाकल्या. शास्त्रावर विश्वास हवा.

आज सकाळी सावली अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होती.

“येतेय, वाटेत आहे,” थोरले म्हणाले.

खरंच येत होती. भर दुपारी ती शेडनेटखाली पोचली आणि तिथेच थांबली. तिच्यात थोरले आणि धाकटा खुर्च्या टाकून बसले होते. हातभर अंतरावर वाफा भाजत होता.

“थांबली की हो ती!”

“संध्याकाळपर्यंत येईल.”

“संध्याकाळी ऊनच नसतं! तेव्हा काय करायचीय तुमची सावली?”

पानांनी माना टाकायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. वहिनींनी दोरीवरची चादर ओढली.

“उठा. दोघंही. भावजी, तुम्ही त्या बाजूला.”

फुलवाला आत आला तेव्हा दोन गृहस्थ हात वर करून चादर धरून उभे होते. शेजारी गार सावलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

“हे काय?”

“सावली,” वहिनी म्हणाल्या.

“मग ती?”

“ती बसायची.”

“हे दोघे उन्हाळाभर उभे राहणार?”

“पाइप हलवेपर्यंत.”

थोरल्यांनी तोंड उघडलं. पण धाकटा आधी बोलला, “बरोबर आहे, वहिनी.”

फुलवाल्याने पानं उलटून पाहिली. “रोपं चांगली आहेत, पण दमलीत. पुढच्या आठवड्यात याच वेळेला येतो. तेव्हा छप्पर दिसू दे.”

तो गेला. वहिनींनी पहार आणून थोरल्यांपुढे धरली.

“संध्याकाळी बघू, चहा झाला की...”

“आत्ता. सावली कुठे पडते ते आत्ताच दिसतंय.”

त्यांनी दोन्ही खुर्च्या उचलून वाफ्याच्या दोन टोकांना ठेवल्या आणि चादर पाठींवर ताणून बांधली. वाफा झाकला गेला.

“एवढ्यावर भागत होतं, तर आम्हाला कशाला उभं केलंस?” थोरल्यांनी घाम पुसत विचारलं.

“खुर्च्यांवर तुम्ही बसला होतात,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पानं चाचपायला वाकल्या.